तसबिरीचे मोल



परसवाड्याच्या बाजूने एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. बारावीनंतर त्याने बालाघाटच्या एका स्टुडिओत दोन वर्षे उमेदवारी केली, पुढे कर्ज काढून कॅमेरा घेतला, आणि आता तो गावोगाव फिरून कुटुंबांच्या, मुलांच्या, उपवर मुलामुलींच्या तसबिरी काढतो. त्याची तक्रार दुहेरी आहे. दर सांगितला की लोक म्हणतात, ‘बटण दाबायचे एवढे पैसे?’ आणि दर कमी करून काम केले तरी फोटो हाती पडताच तेच लोक म्हणतात, ‘हा काही आमच्यासारखा दिसत नाही.’ धंदा सोडून नागपूरला एखाद्या कारखान्यात नोकरी धरावी काय, असे त्याने विचारले आहे.

प्रश्न एका तरुणाचा असला तरी तो एकट्याचा नाही. गावचा शिंपी, सुतार, मंडपवाला, स्वयंपाकी, या सर्वांनाच तो भेडसावतो. ज्या कामात वस्तू थोडी आणि कसब फार, त्या कामाचे मोल ठरविणे नेहमीच अवघड. तांदूळ पायलीने मोजता येतो. कसब कशाने मोजावे? म्हणून या अंकात तसबिरीच्या दराचा आणि गिऱ्हाइकाच्या अपेक्षांचा जरा सविस्तर विचार करू. फोटो काढणाऱ्यांनी तो वाचावाच; परंतु काढवून घेणाऱ्यांनी अधिक लक्षपूर्वक वाचावा.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८३९ साली पॅरिस शहरात दागेर याच्या शोधाची जाहीर घोषणा झाली आणि छायाचित्रकला जगासमोर आली. तोपर्यंत स्वतःची तसबीर म्हणजे राजेरजवाड्यांची चैन होती. चित्रकार दिवसच्या दिवस बसून ती रंगवी आणि त्याला बिदागीही तशीच मिळे. यंत्राने काढलेली छबी त्याहून पुष्कळ स्वस्त पडू लागली, तरी सामान्य माणसाच्या आवाक्यात ती लगेच आली नाही. १८५४ साली पॅरिसच्याच दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने एक युक्ती काढून तिचा हक्क नोंदविला. एकाच काचेवर अनेक लहान छब्या घ्यावयाच्या, त्यांची एकदम छपाई करावयाची आणि भेटकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर त्या चिकटवून द्यावयाच्या. दर एकदम उतरला. लोकांची झुंबड उडाली. दिस्देरी श्रीमंत झाला. पण ती युक्ती सर्वांनाच करता येण्याजोगी होती. शेजारच्या प्रत्येक दुकानाने तीच पद्धत उचलली आणि दर आणखी पाडला. स्वस्ताईखेरीज ज्याच्याजवळ निराळे काही नसते त्याला दुसरा कोणी अधिक स्वस्त भेटला की तो संपतो. दिस्देरी १८८९ साली पॅरिस शहरात अत्यंत गरिबीत वारला. केवळ कमी दरावर धंदा उभारू पाहणाऱ्याने ही हकीकत विसरू नये.

आपल्याकडेही ही कला फार लवकर आली. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत धंदा म्हणून तसबिरी काढण्यास त्याच सुमारास आरंभ केला. परंतु आपल्या विषयाला अधिक जवळचे उदाहरण राजा दीनदयाळ यांचे आहे. १८४४ साली मीरतजवळच्या सरधना गावी त्यांचा जन्म झाला. रुडकीला शिक्षण घेऊन ते आपल्याच आजच्या मध्य प्रदेशातील इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले. फावल्या वेळचा छंद वाढत जाऊन तोच पुढे त्यांचा व्यवसाय झाला. हैदराबादच्या निजामाने त्यांना आपले छायाचित्रकार नेमले. १८९२ साली त्यांनी तेथे पडदानशीन स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज स्त्रीच्या हाती सोपविला. आपल्या घरच्या स्त्रीचा फोटो हवा, पण तो परक्या पुरुषाने काढू नये, ही गिऱ्हाइकाच्या मनातली अडचण त्यांनी त्याने तोंडाने सांगण्यापूर्वीच ओळखली. या धंद्याचे अर्धे यश तेथे आहे. कॅमेरा पेटीतून काढण्यापूर्वी समोरच्याचे मन वाचले पाहिजे.

आता दराचा हिशेब करू. मनोरा बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा दृष्टान्त प्रभूने दिला आहे, तो आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आमचे पुष्कळसे तरुण मनोरा आधी बांधतात आणि बसतात मागाहून.

समजा, कॅमेरा, भिंगे, प्रकाशाची साधने आणि संगणक मिळून दीड लाख रुपयांचे सामान आहे आणि ते पाच वर्षे टिकते. म्हणजे वर्षाला तीस हजार रुपये त्या सामानाचेच झाले. दुरुस्ती, वीज, इंटरनेट, चित्रे साठवून ठेवण्याच्या डिस्का यांस वर्षाला अठरा हजार धरा. एकंदर अठ्ठेचाळीस हजार. आमच्या भागात लग्नसराई, सणवार आणि धान घरात आल्यानंतरचे दिवस सोडले तर हात रिकामेच राहतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून वर्षाला ऐंशी कामे धरू. प्रत्येक कामावर सामानाचा बोजा पडला सहाशे रुपये. हे सहाशे रुपये कोणी मागायला येत नाही, म्हणून ते दिसत नाहीत.

आता वेळ पाहा. गिऱ्हाइकाला दिसतात ते दोन तास. पण बोलणी करणे आणि शेवटी फोटो नेऊन पोचविणे यांत दोन तास, जाण्यायेण्यात दोन तास, आणि शेकडो चित्रांतून निवड करून ती नीटनेटकी करण्यात चार तास. एकूण दहा तास होतात. तासाला शंभर रुपये मजुरी धरली तर हजार रुपये. पेट्रोल दीडशे. छपाई आणि छोटा अल्बम साडेचारशे. बुडीत उधारी आणि रिकामे महिने यांसाठी तीनशे. सर्वांची बेरीज अडीच हजार रुपये होते. यात चैन कोठे आहे? ऐंशी कामांची मजुरी वर्षाला ऐंशी हजार, म्हणजे महिन्याला सात हजारांच्याही आत.

आता दुसरी बाजू पाहा. शेजारच्या गावातला कोणी ‘हजारात करून देतो’ म्हणतो. पेट्रोल आणि छपाई वजा जाता त्याच्या हातात चारशे रुपये उरतात आणि दिवस सार्थकी लागला असे त्याला वाटते. परंतु सामानाचे सहाशे धरले तर त्याने दिवसभर राबून खिशातलेच दोनशे रुपये गिऱ्हाइकाच्या घरी ठेवले. पाच वर्षांनी कॅमेरा बंद पडेल तेव्हा दुसरा घ्यायला त्याच्यापाशी पैसा नसेल, आणि धंद्यात बरकत नाही म्हणून तो नशिबाला बोल लावील. दोष नशिबाचा नव्हे, वजाबाकीचा आहे.

हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने आपापले आकडे घालून ही बेरीज करावी. जो दर निघेल तो मुकाट्याने आपला दर मानावा. तो फार वाटला तर काम लहान करावे. मजुरी लहान करू नये. दोन तासांऐवजी पाऊण तास, अल्बमऐवजी चार सुटे फोटो, आणि गिऱ्हाइकाने घरी बोलावण्याऐवजी स्वतः आपल्याकडे यावे. अशा रीतीने तीन दर ठेवावेत: लहान काम, मधले काम, मोठे काम. प्रत्येकात काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे एका कागदावर स्वच्छ मराठीत व हिंदीत लिहून ठेवावे. गिऱ्हाइकाला निवड करायला मिळाली म्हणजे घासाघीस आपोआप कमी होते. कारण मग तो ‘कमी करा’ म्हणत नाही, ‘मधले द्या’ म्हणतो.

यावर कोणी विचारील, ‘फादर, गरिबाने मग फोटो काढूच नये काय?’ प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे तेंदूपत्त्याच्या हंगामावर वर्षाचा मीठमिरचीचा खर्च भागविणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलीच्या लग्नाचा एक चांगला फोटो निघावा असे ज्याला वाटत नाही तो छायाचित्रकारच नव्हे. पण सूट द्यावयाची तर ती उघडपणे आणि समजून उमजून द्यावी. पावतीवर पुरता दर लिहावा, खाली ‘सूट’ म्हणून रक्कम वजा दाखवावी. वर्षातून अशी किती कामे आपल्याला झेपतील हे आधीच ठरवून ठेवावे. मोठ्याने बोलणाऱ्याला सूट आणि संकोची माणसाला पुरता दर, ही सध्याची रीत आहे. ती दयेची नव्हे, भिडेची आहे. भीड ही धर्मादायाची जागा घेते तेव्हा गरजवंत बाजूला राहतो आणि धटिंगण लाभ उठवितो.

विसार घेण्याचीही लाज बाळगू नये. तारीख पक्की करताना तिसरा हिस्सा किंवा निम्मी रक्कम घ्यावी, पावती द्यावी आणि लग्न मोडले वा पुढे गेले तर त्यातले किती परत मिळेल हेही तेव्हाच सांगावे. उरलेली रक्कम फोटो हाती देण्याच्या वेळी घ्यावी. नातलगाच्या बाबतीत तर कागद दुप्पट जपून करावा. आधी बोलणी, मग सोयरीक, हे आपण लग्नात मानतो, फोटोतही मानावे.

येथवर पैशाचा विचार झाला. परंतु या धंद्यातले बहुतेक तंटे पैशापेक्षा अपेक्षेतून उपजतात. गिऱ्हाईक मनात एक चित्र घेऊन येते. ते चित्र कोणते हे ते सांगत नाही. आपणही विचारत नाही. मग जे निघते ते कितीही चांगले असले तरी ते ‘ते’ नसते.

‘हा माझ्यासारखा दिसत नाही’ या तक्रारीचे कारण ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. आपण स्वतःचा चेहरा जन्मभर आरशात पाहतो, आणि आरसा डाव्याचे उजवे करतो. भांग, तीळ, किंचित वाकडे हसू, सारे उलट बाजूला. कॅमेरा आपल्याला जगाला दिसतो तसे दाखवितो. १९७७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात काही मानसशास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली. त्यांनी काही स्त्रियांना त्यांच्याच चेहऱ्याची दोन छायाचित्रे दाखविली, एक सरळ आणि एक आरशासारखे उलट. त्या स्त्रियांचा कल उलट चित्राकडे होता. त्यांच्या मैत्रिणींचा कल सरळ चित्राकडे होता. ज्याला जो चेहरा परिचयाचा, त्याला तो गोड. म्हणून फोटो दाखविताना एकट्या गिऱ्हाइकाला दाखवू नये. घरातल्या आणखी एकादोघांना शेजारी बसवावे. आई जेव्हा ‘अगदी माझी पोर आहे’ म्हणते, तेव्हा पोरीचीही समजूत पटते.

मोबाईलने या अडचणीत भर घातली आहे. हात लांब करून स्वतःचा फोटो घेताना कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम फूटभर असतो. इतक्या जवळून जी वस्तू पुढे ती फुगते. २०१८ साली अमेरिकेतील शल्यवैद्यांनी गणित मांडून दाखविले की, एक फुटावरून घेतलेल्या छबीत नाक पाच फुटांवरून दिसते त्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते. त्या फुगलेल्या चेहऱ्यावर मोबाईल पुन्हा आपण होऊन गुळगुळीत लेप चढवितो. अशा छबीची सवय झालेल्या तरुणाला पाच-सहा फुटांवरून काढलेला खरा चेहरा परका वाटतो. त्याला आधीच सांगावे: ‘मी तुझा चेहरा लोकांना दिसतो तसा काढीन.’ शितावरून भाताची परीक्षा होते. काम सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच दोनचार चित्रे दाखवावीत. आवडनिवड तेव्हाच कळते आणि पुढचे दोन तास वाया जात नाहीत.

आणखी एक नित्याचा तंटा. फोटो व्हॉट्सॲपवरून पाठविला जातो, वडील तोच फोटो दुकानात नेऊन भिंतीएवढा छापायला सांगतात आणि तो पुसट आला की दोष छायाचित्रकाराला. यातले मर्म सोपे आहे. स्वच्छ छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. चार बाय सहा इंचांच्या फोटोला १,२०० गुणिले १,८०० ठिपके पुरतात. बारा बाय अठरा इंचांना ३,६०० गुणिले ५,४००, म्हणजे १ कोटी ९४ लाखांहून अधिक ठिपके हवेत. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने चित्र पाठविले तर ते हलके करण्यासाठी मूळचा बराच तपशील गाळला जातो. तेव्हा मोठ्या छपाईसाठी मूळ चित्र निराळे द्यावे आणि ‘हे पाहण्यासाठी, हे छापण्यासाठी’ असे सांगून द्यावे. एवढ्या एका वाक्याने किती भांडणे वाचतात!

काम स्वीकारण्यापूर्वी पाच गोष्टी विचाराव्यात. फोटो कशासाठी हवा? भिंतीसाठी, अर्जासाठी की मुलगी दाखविण्यासाठी? तो कोण पाहणार? कोणकोणत्या माणसांचे फोटो आलेच पाहिजेत? एकूण किती चित्रे मिळतील? आणि कोणत्या तारखेस? तिसरा प्रश्न हलका मानू नये. अल्बममध्ये तीनशे फोटो असतात आणि नेमका नवरीच्या आत्याचा नसतो. त्यावरून दोन घरांचे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे. यादी घरातल्या जाणत्या माणसाकडून लिहून घ्यावी आणि तोच माणूस त्या दिवशी आपल्या शेजारी उभा करावा. ख्रिस्तमंदिरात लग्न वा मुलांचे पहिले ख्रिस्तप्रसादग्रहण असेल, तर विधीच्या वेळी कोठे उभे राहता येईल आणि कोणत्या क्षणी कॅमेरा खाली ठेवावा लागेल, हे आदल्या दिवशी धर्मगुरूंना विचारून घरच्यांच्या कानावर घालावे. म्हणजे ‘तो क्षण का टिपला नाही?’ हा प्रश्न मागाहून उठणार नाही.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. उपवर मुलींचे फोटो काढताना आईबापांची एकच मागणी असते: ‘जरा उजळ करा.’ पूर्वी हे काम बारीक कुंचल्याने होई, आज संगणकावर बोटाच्या एका हालचालीने होते. मुरुमाचा डाग, उडालेला केस, थकव्याची छाया पुसली तर कोणाचे काही बिघडत नाही. ती आठ दिवसांत तशीही गेली असती. पण जो रंग देवाने जन्मभरासाठी दिला तो पुसणे म्हणजे त्या मुलीला तिच्याच घरी सांगणे की, तू आहेस तशी चालणार नाहीस. शिवाय पाहुणे फोटो पाहून येतात आणि मुलगी पाहून परत जातात. तो अपमान तिने का सोसावा? छायाचित्रकाराने आपला नियम आधीच सांगून टाकावा: जे आठ दिवसांत जाते ते मी काढीन, जे जन्माचे आहे ते ठेवीन. आणि सावळ्या चेहऱ्याला साजेसा मऊ, बाजूने येणारा प्रकाश कसा द्यावा हे मन लावून शिकावे. सकाळच्या उन्हात ओसरीच्या सावलीत बसविलेली सावळी मुलगी इतकी देखणी दिसते की उजळ करण्याची मागणी आईच विसरते. येथे कसब खोटेपणाची गरज नाहीशी करते, आणि याच कसबासाठी आपण मोबदला मागतो.

कायद्याचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण याविषयी दोन्ही बाजूंना अज्ञान आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, कोणी मोबदला देऊन स्वतःच्या सांगण्यावरून छायाचित्र काढवून घेतले असेल तर, उलट करार नसल्यास, त्या छायाचित्राचा पहिला मालक पैसे देणारा होय, काढणारा नव्हे. अर्थात गिऱ्हाइकाच्या मुलीचा फोटो आपल्या काचेच्या कपाटात टांगण्यापूर्वी किंवा फेसबुकवर जाहिरात म्हणून चढविण्यापूर्वी त्याची लेखी संमती घेतली पाहिजे. दर सांगण्याच्या कागदावरच ही ओळ घालावी: ‘नमुना म्हणून दाखविण्यास संमती आहे / नाही.’ ‘नाही’ म्हणणाऱ्याचा मान राखावा. आपण स्वतः लेकीबाळींचे बाप असतो तर काय केले असते, एवढेच मनाला विचारावे. दुसरे असे की, पैसे घेऊन ठरलेले काम न करणे ही सेवेतील त्रुटी होय आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली गिऱ्हाईक दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागू शकते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे फीही पडत नाही. हे मी धाक घालण्यासाठी सांगत नाही. लिहून ठेवलेला कागद दोघांचेही रक्षण करतो, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या भागाचा म्हणून एक निराळा प्रश्न आहे. परसवाडा–बैहरच्या डोंगरपट्टीत बैगा बांधवांची वस्ती आहे. व्हेरियर एल्विन यांचा बैगांवरील ग्रंथ १९३९ साली छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला, तेव्हापासून त्यांच्या चेहऱ्यांकडे जगाचे कुतूहल वळले ते वळलेच. कान्हाचे जंगल पाहायला येणारे प्रवासी आठवडी बाजारात गोदना गोंदलेली म्हातारी दिसली की कॅमेरा रोखतात आणि एखादी नोट पुढे करून निघून जातात. येथे तसबीर काढणाराच गिऱ्हाईक असतो आणि जिची तसबीर ती कष्टकरी असते. तिचे मोल काय? तिचा बाजारातला वेळ मोडला, तिच्या चेहऱ्यावर कोणी बक्षीस मिळविले, पुस्तक छापले. तिच्या वाट्याला स्वतःचा फोटोसुद्धा येत नाही. आमच्या तरुण छायाचित्रकारांना पाहुण्यांबरोबर वाटाड्या म्हणून जाण्याचे काम मिळते. त्यांनी आपल्या दराच्या कागदात एक कलम घालावे: आधी विचारायचे, नाही म्हटले तर कॅमेरा खाली, हो म्हटले तर ठरलेला मोबदला, आणि छापलेली एक प्रत तिच्या घरी. जो आपल्या कसबाला योग्य दाम मागतो त्याने दुसऱ्याच्या चेहऱ्याला फुकट समजू नये.

शेवटी त्या कामाविषयी, ज्याचा दर कोणत्याही कागदावर बसत नाही. घरात कोणी वारले की दुसऱ्या दिवशी मुलगा स्टुडिओच्या दारात उभा राहतो. त्याच्या हातात असते आईचे आधार कार्ड, किंवा लग्नाच्या गर्दीत तिसऱ्या रांगेत उभी असलेली, अर्धी झाकलेली तिची आकृती. ‘यातून मोठा फोटो काढून द्या.’ १९९३ नंतर मतदार ओळखपत्रासाठी आणि २०१० नंतर आधारसाठी म्हणून जे चित्र सरकारने घेतले, तेवढेच एक चित्र कित्येक गरीब घरांतील म्हाताऱ्यांच्या आयुष्यात निघालेले असते. त्यातून जे नाही ते आणता येत नाही. आज यंत्रे नाकडोळे कल्पनेने भरून देतात, आणि चेहरा स्वच्छ दिसतो. परंतु तो आईचा असेलच असे नाही. मुलाला हे हळुवारपणे, पण स्पष्ट सांगावे. ‘एवढा लहान फोटो यातून नीट होईल, याहून मोठा केला तर ती तुझी आई राहणार नाही,’ असे म्हणावे. पैसे घ्यावेत ते छपाईपुरते. चौकट त्याला हवी ती निवडू द्यावी. शोकात माणूस भाव करीत नाही. म्हणूनच त्याच्याकडून जादा घेणे हे फार मोठे पाप आहे.

आणि जे जिवंत आहेत त्यांचे काय? प्रत्येक घराने आपल्या वडीलधाऱ्यांना एकदा तरी चांगल्या प्रकाशात, आवडत्या लुगड्यात वा धोतरात, अंगणात शांतपणे बसवून त्यांची तसबीर काढवून घ्यावी. लग्नाच्या धांदलीत नव्हे, निराळा दिवस काढून. अल्बम नको, ड्रोन नको. एक चांगला फोटो छापून घ्यावा आणि मागे नाव, गाव, वर्ष लिहावे. छायाचित्रकारांनीही आपल्या तीन दरांतला सर्वांत लहान दर या कामासाठी राखून ठेवावा. शेताची कामे संपलेल्या दिवसांत रिकामे हात त्याला लागतील आणि घराघरांत त्याची ओळख होईल.

वाचकहो, गिऱ्हाईक या नात्याने आपलेही काही कर्तव्य आहे. दर पटला नाही तर नम्रपणे नाही म्हणावे. हो म्हणून मागाहून कुरकुर करू नये. ठरल्यावाचून ‘आणखी दहा-पंधरा काढा हो’ म्हणून तास वाढवू नयेत. मनात काय आहे ते आधी सांगावे, नमुना दाखवावा. फोटो मिळाले की उरलेले पैसे त्याच दिवशी द्यावेत. ‘धान विकल्यावर देऊ’ असे असेल तर ते काम ठरवतानाच सांगावे, काम झाल्यावर नव्हे. आणि कोणी तरुण आपल्याच गावात राहून प्रामाणिक कसबावर पोट भरू पाहत असेल, तर त्याला त्याच्या दहा तासांचे दाम देणे हे काही त्याच्यावर उपकार नव्हेत.

पत्र लिहिणाऱ्या तरुणास एवढेच सांगतो: कारखान्याचा विचार आणखी एक वर्ष पुढे ढकल. वहीत बेरीज-वजाबाकी मांड, तीन दरांचा कागद तयार कर, पाच प्रश्न विचारायला शीक, आणि दिलेली तारीख चुकवू नकोस. वर्षाअखेर वही उघडून पाहा. तेव्हाही वजाबाकीच निघाली, तर नागपूरची गाडी कोठे जात नाही.